माळ्याचा मुलगा

नाशिक जिल्ह्याच्या सटाणे, मालेगाव, देवळा या भागात उन्हाळा मोठा कडक असतो. चैत्र-वैशाखात विहिरी तळ गाठतात, डोंगर उघडे पडतात आणि दुपारच्या झळा अंग भाजून काढतात. तरीही त्याच भागात डाळिंबाच्या बागा डोलतात. डाळिंबाच्या एका सुधारित जातीचे नाव ‘फुले भगवा सुपर’ असे आहे. सीताफळाच्या एका जातीस ‘फुले पुरंदर’ म्हणतात, तर कांद्याच्या एका जातीस ‘फुले समर्थ’. फळांच्या आणि कांद्याच्या नावांत हा फुले शब्द कोठून आला, असा प्रश्न कोणालाही पडावा. हा शब्द झाडावरच्या फुलांचा नव्हे. ते एका थोर पुरुषाचे आडनाव आहे. या जाती राहुरीच्या कृषी विद्यापीठाने तयार केल्या. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. जोतीरावांच्या घराण्याला मात्र हे आडनाव खरोखरच फुलांवरून मिळाले होते.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे असे होते आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. जोतीरावांच्या पणजोबांचा गावच्या कुलकर्ण्याशी मोठा तंटा झाला आणि त्यांना गाव सोडावे लागले. ते पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे येऊन राहिले. त्यांचे चिरंजीव शेटिबा पुढे पुण्यास आले. शेटिबांना राणोजी, कृष्णा आणि गोविंद असे तीन पुत्र होते. या तिघांनी फुलमाळ्याचा धंदा शिकून घेतला. हार, गजरे, फुलांच्या गाद्या आणि जाळ्या विणण्यात त्यांचा हात असा बसला, की त्यांची कीर्ती पेशव्यांच्या वाड्यापर्यंत जाऊन पोहोचली. दुसऱ्या बाजीरावांनी संतुष्ट होऊन त्यांना ३५ एकर जमीन इनाम दिली. तेव्हापासून लोक त्यांना फुले म्हणू लागले. पुढे वडील बंधू राणोजी यांनी ती सारी जमीन आपल्या नावावर करून घेतली. गोविंदराव खचले नाहीत. त्यांनी पुण्यात फुलांचे आणि भाजीपाल्याचे दुकान घातले, मळा केला आणि आपला संसार उभा केला. धनकवडीच्या झगडे पाटलांची कन्या चिमणाबाई ही त्यांची पत्नी. त्यांच्या पोटी ११ एप्रिल १८२७ रोजी जोतीरावांचा जन्म झाला.

जोतीराव जेमतेम वर्षाचे झाले आणि त्यांची आई वारली. गोविंदरावांनी दुसरे लग्न केले नाही. सगुणाबाई क्षीरसागर नावाच्या नात्यातील एका प्रेमळ बाईने जोतीरावांना आईच्या मायेने वाढविले. सातव्या वर्षी वडिलांनी त्यांना शाळेत घातले. मुलगा बुद्धिमान होता. त्याला अक्षरांची गोडी लागली. पण शूद्राच्या मुलाने लिहिणेवाचणे शिकावे, ही गोष्ट त्या काळी अनेकांना रुचत नसे. गोविंदरावांच्या दुकानी एक कारकून होता. शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही, अशी भीती त्याने गोविंदरावांच्या मनात भरवून दिली. भोळ्या गोविंदरावांना ते खरे वाटले. त्यांनी मुलाचे नाव शाळेतून काढले आणि त्याच्या हाती पाटीच्या ऐवजी खुरपे दिले.

मळ्यातील काम सोपे नसते. त्या काळी विहिरीवर बैलांची मोट चाले. पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, मोट जुंपावी लागे. मोटेचे पाणी थारोळ्यात पडे, तेथून पाटाने वाफ्यांकडे आणि झाडांच्या आळ्यांकडे धावे. पाटाला बारे देणारा मुलगा हाती फावडे घेऊन उभा राही. एक वाफा भरला, की मातीने त्याचे तोंड बुजवायचे आणि दुसऱ्याचे फोडायचे. जरा दुर्लक्ष झाले, तर जवळचा वाफा तुडुंब भरून वाहू लागे आणि लांबचा कोरडा राही. उन्हाळ्यात रोपांवर सावलीसाठी डहाळ्या रोवाव्या लागत. आळ्यात पालापाचोळा पसरावा लागे, म्हणजे ओल टिकते आणि पाचोळा कुजून त्याचेच खत होते. भर दुपारी घातलेले पाणी बरेचसे हवेतच उडून जाते. म्हणून माळी सकाळी किंवा दिवस कलल्यावर पाणी देतो. मोठ्या झाडाला बुंध्याशी पाणी ओतून उपयोग नाही. त्याची अन्न घेणारी कोवळी मुळे दूरवर पसरलेली असतात. म्हणून आळे फांद्यांच्या घेराएवढे रुंद करावे लागते. ही विद्या पोथीत नव्हती. ती हातांनीच शिकावी लागे. जोतीरावांनी ती मनापासून शिकून घेतली.

दिवसभर मळ्यात राबून रात्री ते दिव्याच्या उजेडात पुस्तक वाचीत बसत. शेजारी राहणारे फारसीचे शिक्षक गफारबेग मुन्शी आणि लिजीट नावाचे एक युरोपियन गृहस्थ यांच्या नजरेत ही गोष्ट भरली. अशा मुलाला शाळेपासून दूर ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, हे त्या दोघांनी गोविंदरावांना पटवून दिले. वडिलांचे मन वळले. १८४१ साली जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत त्यांनी तेथे इंग्रजी शिक्षण घेतले. दरम्यान १८४० साली त्यांचा विवाह नायगावच्या नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई हिच्याशी झाला होता.

शिक्षण संपताच चांगली नोकरी मिळविणे जोतीरावांना अवघड नव्हते. पण स्वतःच्या अनुभवावरून त्यांनी एक गोष्ट जाणली होती. आपल्यासाठी दोन भले शेजारी धावून आले, म्हणून आपण शिकलो; ज्यांच्यासाठी कोणीच धावून येत नाही, त्या हजारो मुलामुलींचे काय? १८४८ साली त्यांनी पुण्याच्या बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना त्यांनी स्वतः शिकविले होते. त्या या शाळेत शिक्षिका झाल्या. पुढे त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा उघडल्या.

शहरात मोठा गदारोळ झाला. सावित्रीबाई रस्त्याने जाऊ लागल्या, की लोक त्यांच्या अंगावर चिखल आणि शेण फेकीत. जातीच्या लोकांनी गोविंदरावांना धमक्या दिल्या. म्हातारे गोविंदराव घाबरून गेले. शाळा सोड किंवा घर सोड, असे त्यांनी मुलाला निर्वाणीचे सांगितले. ज्या पित्याने दुसरे लग्न न करता आपल्याला वाढविले, त्याचा शब्द मोडणे जोतीरावांच्या जिवावर आले. तरीही १८४९ साली ते पत्नीसह घराबाहेर पडले. पित्याविषयी त्यांच्या मनात राग नव्हता. पण शाळेतील मुलींना सोडून देणे त्यांना शक्य नव्हते. उस्मान शेख या मित्राने त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. जोतीराव पोटासाठी निरनिराळे उद्योग करू लागले. इमारतीच्या आणि बांधकामाच्या कंत्राटांत त्यांना चांगला पैसा मिळाला. पण तो त्यांनी साठवून ठेवला नाही. शाळा, अनाथ बालके आणि निराधार स्त्रिया यांच्यासाठी तो खर्च होत असे.

गंज पेठेतील त्यांच्या घराच्या अंगणात पाण्याचा हौद होता. त्या काळी पुण्यातील सार्वजनिक विहिरींवर आणि हौदांवर अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी भरू देत नसत. कोणी दयाळू माणसाने वरून ओतले, तरच त्यांच्या घागरीत पाणी पडे. उन्हाळ्याच्या दिवसांत बायका आणि मुले रिकामी भांडी घेऊन तासन्‌तास उन्हात तिष्ठत राहत. तहान सर्वांना सारखीच लागते, हे जोतीराव पाहत होते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद या लोकांसाठी खुला केला. आता त्यांच्या स्वतःच्या जातीतील लोकही संतापले. नातलगांनी तोंड फिरविले. परंतु जोतीरावांनी हौद बंद केला नाही. दुसऱ्यांना उपदेश करण्यापूर्वी त्यांनी आपल्या अंगणाचे दार उघडले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली, ती या आचरणाची शिदोरी पाठीशी बांधूनच.

याच सुमारास पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण बांधले जात होते. त्या कामातही जोतीरावांनी कंत्राटे घेतली होती. उन्हातान्हात दगड वाहणाऱ्या मजुरांचे हाल आणि कामावरील काही लोकांची लाचखोरी त्यांनी डोळ्यांनी पाहिली. धरणाचे पाणी कालव्याने हडपसर, मांजरी या गावांकडे येऊ लागले. पिढ्यान्‌पिढ्या पावसावर आणि मोटेवर विसंबलेल्या शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्याची सवय नव्हती. ते घेण्यास पुष्कळजण कचरत. जोतीरावांनी मांजरी येथे जमीन घेऊन स्वतः बागायती शेती केली. पाणी कसे घ्यावे आणि जमीन कशी राखावी, हे शेजारच्या शेतकऱ्यांना शेतावर येऊन पाहता येऊ लागले. लहानपणी पाटाला बारे देणारा मुलगा आता कालव्याच्या काठी उभा होता.

१८७६ साली पाऊस फसला आणि दक्षिणेत भीषण दुष्काळ पडला. गुरे मेली, गावे ओस पडली, लोक अन्नासाठी शहरांकडे निघाले. सत्यशोधक समाजाने धनकवडीस बालाश्रम काढून दुष्काळात सापडलेल्या मुलांना अन्न दिले. जोतीराव आणि सावित्रीबाई या कामात रात्रंदिवस राबले. परंतु दुष्काळ म्हणजे केवळ आभाळाचा कोप, असे म्हणून जोतीराव स्वस्थ बसले नाहीत. पडलेले पाणी वाहून का जाते, जमीन निकस का होते आणि शेतकरी सावकाराच्या दारी का जातो, याचा त्यांनी कसून विचार केला.

त्या विचारांतून १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. असूड म्हणजे चाबूक. या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे विदारक वर्णन आहे. पण नुसते रडगाणे नाही. त्यात जाणत्या माळ्याची दृष्टी आहे. डोंगरावरचा पालापाचोळा आणि मेलेल्या किड्यांचा कुजलेला अंश पावसाबरोबर शेतांत येतो आणि जमीन सकस होते. म्हणून डोंगर बोडके होऊ देऊ नयेत, असे त्यांनी दाखवून दिले. ओढ्यानाल्यांना ठिकठिकाणी बांध घालावेत, म्हणजे पाणी शेतांत मुरेल आणि विहिरींना झरे फुटतील. तलावांतील गाळ शेतकऱ्यांना फुकट वाटावा. कालव्याचे पाणी वेळेवर आणि जरुरीपुरते मिळावे. गुरांच्या आणि मेंढरांच्या चांगल्या अवलादी वाढवाव्यात, शेतीची प्रदर्शने भरवावीत, उत्तम पीक काढणाऱ्यास बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांना विद्या द्यावी. पाणी अडवा, माती राखा, असे आज गावोगाव सांगितले जाते. जोतीरावांनी ते सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवले होते.

हा ग्रंथ त्यांनी कपाटात ठेवला नाही. पुणे, मुंबई, जुन्नर, हडपसर अशा ठिकाणी शेतकऱ्यांना गोळा करून ते त्यातील भाग वाचून दाखवीत. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. १८८८ च्या मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट या इंग्रज राजपुत्राच्या सन्मानार्थ मेजवानी होती. निमंत्रित मंडळी भरजरी पोशाख घालून आली. जोतीराव मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले. येथे दिसते ते वैभव म्हणजे हिंदुस्थान नव्हे; खरा देश खेड्यांत राहतो आणि तेथील मुलांना शिक्षण हवे आहे, हे त्यांनी राजपुत्राला निर्भयपणे ऐकविले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या जनतेने त्यांना महात्मा ही पदवी अर्पण केली.

लवकरच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. कष्टाची सवय असलेल्या जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हे आपले शेवटचे पुस्तक लिहून पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपला देह अग्नीला न देता घरामागच्या परसात मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी जागाही तयार करवून ठेवली होती. परंतु वस्तीच्या जागी दफन करण्यास नगरपालिकेची परवानगी मिळाली नाही. तेव्हा त्यांचे दहन करण्यात आले. अंत्ययात्रेत सावित्रीबाई हाती टिटवे घेऊन पुढे चालल्या. नंतर जोतीरावांच्या अस्थी घरामागच्या त्याच परसात ठेवून तेथे समाधी बांधली गेली. ते घर आजही पुण्याच्या गंज पेठेत उभे आहे. ज्यांना कोणी पाणी देत नव्हते आणि कोणी अक्षर शिकवीत नव्हते, त्यांच्यासाठी ज्याचे दार उघडे असे, त्या माळ्याच्या मुलाने आपल्याच परसातील मातीत कायमची विश्रांती घेतली आहे.