रँग्लर परांजपे आणि गणिताची कपाटं

गणितात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्याला आपल्या वर्गात रँग्लर म्हणून चिडवलं जायचं, आठवतंय? ही पदवी मराठी घराघरांत पोचवणाऱ्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांविषयी तेव्हा आपल्याला एवढंच ठाऊक होतं, की ते केंब्रिजला पहिले आले. मला मात्र त्यांचं पुढचं काम जास्त मोलाचं वाटतं.

जन्म १८७६चा, दापोलीजवळच्या मुर्डीचा. नात्याने भाऊ असलेल्या धोंडो केशव कर्व्यांच्या आधाराने ते मुंबईच्या मराठा हायस्कुलात शिकले. कोकणातून शिकायला मुंबईत आलेला मुलगा, म्हणजे गिरगावातल्या आपल्यापैकी निम्म्यांच्या आजोबा-पणजोबांचीच गोष्ट. मग फर्ग्युसन, तिथून केंब्रिज, आणि १८९९ साली सीनियर रँग्लर. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

मोठी सरकारी नोकरी सहज मिळाली असती. ते पुण्याला परतले आणि १९०२पासून १९२४पर्यंत फर्ग्युसनचे प्राचार्य राहिले. शिकवण्यात आणि कारभारात वर्षं गेली. स्वतःचं नवं गणित त्यांच्या नावावर फारसं नाही. काहींना ही हुशारीची नासाडी वाटते. मला तसं वाटत नाही.

१९०७ साली मद्रास इलाख्यातल्या व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या डेप्युटी कलेक्टरने देशभरच्या गणितप्रेमींना पत्रं लिहिली. परदेशी नियतकालिकं एकट्याला परवडत नाहीत, तेव्हा वर्गणी काढून ती एकत्र मागवू आणि सभासदांत फिरवू, अशी कल्पना. वीसेक जण जमले. पण पुस्तकं ठेवायची कुठे? परांजप्यांनी फर्ग्युसनमध्ये जागा दिली. हीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हवा तो शोधनिबंध बसल्या जागी उघडायची सवय आहे. तेव्हा आडगावच्या गणिताच्या मास्तरला युरोपात काय चाललंय ते कळायचा हाच एक रस्ता होता. तो नसता, तर दुसऱ्याने केव्हाच सोडवलेलं कोडं तो आयुष्यभर सोडवत बसला असता.

१९०९पासून सोसायटीचं स्वतःचं जर्नल निघू लागलं. १९११ साली त्यात कुंभकोणमच्या एका बेकार तरुणाचा बर्नूली संख्यांवरचा लेख छापून आला. हा श्रीनिवास रामानुजनचा पहिला शोधनिबंध. हार्डींना त्याने पत्र लिहिलं ते नंतर, १९१३मध्ये. त्याला पहिल्यांदा छापलं ते आपल्याच लोकांनी, वर्गणीच्या पैशातून!

परांजपे पुढे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं तेही क्रिकेटमधलं: एटी-फोर, नॉट आउट. १९६६च्या मे महिन्यात, नव्वदी ओलांडून ते गेले. सोसायटीची पुस्तकं त्याआधीच, १९५०च्या सुमारास, मद्रासला हलली होती. तोवर चाळीसहून जास्त वर्षं ती फर्ग्युसनमध्येच होती.