चुळबुळ्या फिलिपचा डॉक्टर

१८४४ सालच्या नाताळच्या तोंडावर फ्रँकफुर्ट शहरातला एक डॉक्टर आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक शोधत दुकाने हिंडत होता. मिळाली ती सगळी उपदेशाने जड झालेली. शेवटी त्याने एक कोरी वही विकत घेतली आणि घरी बसून स्वतःच चित्रे काढली, त्यांच्याखाली पद्ये लिहिली. हा डॉक्टर म्हणजे हाइनरिश हॉफमन. मित्रांच्या आग्रहावरून १८४५ मध्ये ही वही छापली गेली आणि पहिल्या दीड हजार प्रती काही आठवड्यांत संपल्या. पुढे ‘श्ट्रुवलपेटर’ या नावाने हे पुस्तक जगभर गेले. नखे आणि केस वाढवलेला पेटर जर्मन घराघरांत आपल्याकडच्या बागुलबुवाइतका ओळखीचा झाला.

आज मला बोलायचे आहे ते त्यातल्या दुसऱ्या एका मुलाबद्दल. हा फिलिप पहिल्या आवृत्तीत नव्हता, दुसऱ्या आवृत्तीत तो १८४६ साली आला. जेवणाच्या टेबलाशी आईवडील आणि मुलगा बसले आहेत. मुलाला आज तरी नीट बसता येईल का, असा वडिलांचा प्रश्न. आई एक शब्दही न बोलता टेबलावरून नजर फिरवते आहे. मुलगा खुर्ची मागे-पुढे झुलवतो, तोल जातो, आधारासाठी टेबलावरचे कापड धरतो आणि ताटे-वाट्यांसह सगळे जेवण जमिनीवर येते. १८४७ च्या आवृत्तीत त्याला एक भाऊ शोभावा असा हान्स आला. आकाशातल्या पाखरांकडे बघत चालणारा हा मुलगा थेट नदीत पडतो. एकाला स्वस्थ बसवत नाही, दुसऱ्याचे लक्ष ठिकाणावर नाही. आज ज्याला अवधानदोष आणि अतिचंचलता म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी एडीएचडी, त्याची ही दोन्ही अंगे आहेत असे पुढच्या काळातल्या अनेक मानसोपचारतज्ज्ञांना वाटले. जर्मनीत तर या विकाराला बोलीभाषेत चुळबुळ्या फिलिपचेच नाव मिळाले.

हॉफमनचा जन्म १८०९ चा, फ्रँकफुर्टचाच. आई तो तान्हा असतानाच गेली, वडील वास्तुशिल्पी होते. हायडेलबर्ग आणि हाले येथे वैद्यक शिकून तो गावी परतला, गरिबांच्या दवाखान्यात काम करू लागला, शरीररचनाशास्त्र शिकवू लागला. मुलांना डॉक्टरची भीती घालण्याची रीत तिथेही होतीच. रडणाऱ्या मुलापुढे हॉफमन कागदाचा कपटा काढी आणि चित्र रेखाटत गोष्ट सांगे. मूल बघण्यात गुंतले, की नाडी तपासून घेई. मुलाचे लक्ष कशाने सुटते आणि कशाने बांधले जाते, हे या माणसाला धंद्यापुरते तरी नेमके ठाऊक होते.

पण त्याच्या आयुष्याचे मोठे काम वेगळेच आहे. १८५१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, तो शहरातल्या वेड्यांच्या आणि अपस्माराच्या रुग्णांच्या संस्थेचा प्रमुख डॉक्टर झाला. या विषयाचे खास शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. जुनी इमारत कोंदट आणि अपुरी होती. त्याने इतर ठिकाणची रुग्णालये पाहिली, नागरिकांकडून पैसा उभा केला, आणि १८६४ मध्ये गावाबाहेर बागबगीचा असलेले नवे रुग्णालय उघडले. लोक त्याला वेड्यांचा महाल म्हणत. मनाचा रोगी हा पापी नव्हे, झपाटलेला नव्हे, तो आजारी आहे आणि त्याला उजेड, हवा, काम आणि माणुसकीची वागणूक हवी, एवढे गावाच्या गळी उतरवण्यात त्याची ३७ वर्षे गेली. १८८८ मध्ये तो निवृत्त झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे एक तरुण डॉक्टर रुजू झाला, त्याचे नाव अलोइस अल्झायमर. हॉफमन १८९४ मध्ये वारला. त्या जागेवर आज गटे विद्यापीठाचा परिसर आहे.

गंमत आणि खंत आहे ती इथे. मोठ्यांच्या बाबतीत दोष आणि आजार यांतला फरक ज्याने जन्मभर सांगितला, त्याने फिलिपला मात्र खोडकर मुलांच्या रांगेतच बसवले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो मुलासाठी गंमत लिहीत होता, रोगाचा कागद नव्हे. शिवाय एका जेवणावरून निदान होत नाही. हे वर्तन घरात, शाळेत, निदान दोन ठिकाणी, सहा महिने तरी दिसावे लागते आणि त्याची सुरुवात बाराव्या वर्षाच्या आधी झालेली असावी लागते. फिलिपच्या शाळेबद्दल आपल्याला काहीच सांगितलेले नाही.

वैद्यकालाही हा पूल ओलांडायला वेळ लागला. लक्ष न टिकण्याचे वर्णन अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरने १७९८ मध्येच केले होते. लंडनच्या जॉर्ज स्टिलने १९०२ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्याने देऊन, बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवरू न शकणाऱ्या मुलांचे वर्णन केले. पण त्यानेही याला नैतिक संयमाचा अभाव म्हटले. म्हणजे तपासणी डॉक्टरची, शब्द मात्र मास्तरांचा. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलीने मुलांची डोकेदुखी थांबावी म्हणून बेन्झेड्रीन दिले. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण तीसपैकी चौदा मुले वर्गात एकदम चांगले काम करू लागली. मुलेच तिला गणिताची गोळी म्हणू लागली. उत्तेजक औषधाने चंचल मूल शांत व्हावे, हे कोड्यात टाकणारे होते. १९४४ मध्ये स्विस कंपनी सिबाच्या प्रयोगशाळेत लेआंद्रो पानित्सोनने मेथिलफेनिडेट तयार केले, आणि पत्नी रिटाच्या नावावरून ते रिटालिन म्हणून १९५४ मध्ये बाजारात आले. आजही उपचारात त्याचे स्थान मोठे आहे. ते आजार कायमचा घालवत नाही. लहानग्यांच्या बाबतीत तर आधी आईवडिलांना मुलाशी कसे वागायचे हे शिकवतात, मग गरज पडल्यास गोळी.

मी बँकेत अधिकारी होतो. एका जागी मान खाली घालून बसणे हा तिथे गुणच नव्हे, तर चारित्र्य समजले जाई. आपल्या शाळांतही तसेच आहे. म्हणूनच प्रत्येक वळवळ्या पोराला आजारी ठरवणे जसे मला धोक्याचे वाटते, तसेच खरोखर आवरता न येणाऱ्या पोराला दांडगा ठरवून बडवणेही. पहिल्यात नको असलेले औषध पोटात जाते, दुसऱ्यात आपण वाईटच आहोत ही समजूत मनात जाते, आणि ती उतरवणारी गोळी अजून निघालेली नाही.

कादंबरीकार म्हणून मला हॉफमनच्या त्या गोष्टीचा शेवट विसरता येत नाही. टेबल उघडे पडले आहे, आईवडील उपाशी राहिल्याने संतापले आहेत, आणि फिलिप? तो पडलेल्या कापडाखाली पूर्ण झाकला गेला आहे. गोष्ट तिथेच संपते, कापड कोणी उचलत नाही. ते उचलून खाली कोण आहे हे पाहायला पुढच्या डॉक्टरांना जवळजवळ शंभर वर्षे लागली. घरातल्या मोठ्यांना एवढा वेळ लागण्याचे कारण नाही.