आंबलेल्या पायांचे कोडे

परभणीत पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर फेरफटका मारला, की पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. जिंतूर, गंगाखेड, पाथरीकडेही हेच चित्र. नव्याने धावू लागलेल्यांची तक्रार ठरलेली असते. पहिल्या दिवशी हौसेने जोरात धावायचे आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या, पोटऱ्या ठणकायच्या. आपल्याकडे याला पाय आंबले असे म्हणतात. गंमत म्हणजे, दमलेल्या स्नायूंत खरोखरच आम्ल तयार होते, हे विज्ञानानेही दाखवून दिले. मात्र दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचे खापर त्या आम्लावर फोडणे चूक होते. हे कोडे सोडवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, ते आर्चिबाल्ड हिल स्वतः धावणारे होते.

हिल यांचा जन्म २६ सप्टेंबर १८८६ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले. आईने काटकसरीने मुलांना वाढवले. हुशारीच्या जोरावर हिल केंब्रिजला पोहोचले आणि १९०७ मध्ये गणिताच्या परीक्षेत तिसरे आले. पुढे गणितात रमण्याऐवजी शिक्षकांच्या सल्ल्याने ते शरीरक्रियाशास्त्राकडे वळले. धावण्याचा नाद मात्र शाळेपासूनचा. शर्यतीनंतर दम का लागतो, पाय जड का होतात, अंग का आखडते, हे प्रश्न त्यांना पुस्तकात भेटण्याआधी मैदानावर भेटले होते. आपल्या संशोधनामागे तरुणपणी धावताना आलेल्या अपयशाचाही वाटा आहे, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले.

सुरुवात बेडकाच्या स्नायूपासून झाली. स्नायू आकसताना किती उष्णता निर्माण होते, हे हिल मोजू लागले. ही उष्णता इतकी थोडी, की अंशाच्या हजाराव्या भागापर्यंतचा फरक टिपणारी उपकरणे लागत. त्यांनी दाखवले, की काही उष्णता स्नायू आकसताना आणि काही तो सैल पडल्यानंतर, प्राणवायू वापरताना बाहेर पडते. म्हणजे काम आधी होते आणि त्याची भरपाई नंतर. या कामासाठी १९२२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जर्मनीच्या ओटो मायरहोफ यांच्याबरोबर मिळाले.

१९२० मध्ये हिल मँचेस्टरला प्राध्यापक झाले. त्याच वर्षी बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्प ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये धावून एकोणिसावे आले. धावणाऱ्या माणसाच्या शरीरात नेमके काय घडते, याचे मोजमाप तेव्हा नुकते कुठे सुरू होत होते. हिल यांनी त्यासाठी पहिला माणूस निवडला तो स्वतःच. पस्तिशी ओलांडलेले हे प्राध्यापक पाठीवर हवेची मोठी पिशवी बांधून गवतावर गोल फेऱ्या मारत आणि सोडलेला श्वास त्या पिशवीत गोळा करत. त्यातून दिसले, की वेग वाढवला तसा प्राणवायूचा वापर वाढतो, पण एका मर्यादेपुढे वाढत नाही. त्याहून जोरात धावले, तर शरीर जणू उधारीवर चालते. शर्यत संपल्यावर आपण धापा टाकतो, तेव्हा ती उधारी फेडत असतो. पुढे अमेरिकेत त्यांनी धावपटूच्या अंगाला चुंबकीय पट्टी बांधली आणि मैदानाकडेला तारांची वेटोळी लावून त्याचा क्षणाक्षणाचा वेग मोजला.

या काळात एक समज रूढ झाला, की स्नायूतील लॅक्टिक आम्ल हेच ताकदीचे आणि थकव्याचेही मूळ. १९३० मध्ये डेन्मार्कच्या एका संशोधकाने दाखवले, की हे आम्ल अजिबात तयार न होताही स्नायू आकसू शकतो. हिल यांच्या अनेक वर्षांच्या मांडणीला हा धक्का होता. त्यांनी तो प्रयोग पडताळला, पटल्यावर आपली चूक स्वीकारली आणि १९३२ मध्ये या उलथापालथीवर स्वतःच लेख लिहिला. नोबेल मिळालेल्या माणसाने असे करणे सोपे नसते.

हिल यांचे काम प्रयोगशाळेपुरते राहिले नाही. हिटलरच्या राजवटीत हाकलले गेलेल्या शास्त्रज्ञांना आसरा मिळावा म्हणून १९३३ पासून ते झटले. १९४३-४४ च्या हिवाळ्यात सरकारच्या निमंत्रणावरून ते भारतात आले, देशभर हिंडले आणि इथल्या संशोधनाबद्दल अहवाल दिला. देशात एक उच्च दर्जाचे वैद्यकीय केंद्र असावे, असा आग्रह त्यांनी धरला. १९५६ मध्ये दिल्लीत एम्स उभे राहिले, त्यामागच्या विचारांत हाही एक धागा होता. ३ जून १९७७ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

मग पाय आंबतात ते कशाने? धावल्यावर रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्ववत होते. हृदय आणि स्नायू तर ते इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा ठणका वेगळा. सवय नसलेल्या स्नायूंच्या तंतूंना, विशेषतः उतारावर, बारीक इजा होते आणि ती भरून येताना दुखते. अमेरिकेत थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच असा अंदाज मांडला होता. हा स्नायू भरून आला, की पुढच्या वेळी तेवढ्याच धावण्याने कमी दुखतो.

म्हणून नवशिक्याने पहिले काही आठवडे एक दिवसाआड धावावे. वेग एवढाच, की सोबत्याशी बोलता यावे. अंतर हळूहळू वाढवावे. दुखत असेल त्या दिवशी अंथरुणात पडून न राहता सावकाश चालावे. झोप पुरेशी घ्यावी, जेवणात भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे असावेत. उन्हाळ्यात परभणीचे ऊन चढण्याआधी धावणे संपवावे.

भरती जवळ आली म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन धावणारे अनेक जण असतात. शरीरातले पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट ठेवताच कळ येत असेल, एकच पोटरी सुजली असेल, किंवा खूप धावल्यावर लघवी काळपट तपकिरी झाली असेल, तर ते पाय आंबणे नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. बाकीचा ठणका तीन-चार दिवसांत ओसरतो. तेवढी उसंत त्याला द्यावी.