भीमेपलीकडच्या बाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं संपादक मंडळानं सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यातले टँकर, कंपाउंडच्या भिंतीची भांडणं, गणपतीची पहिली वर्गणी यांवर लिहिणारे बरेच जण आहेत. मी एका बाईंवर लिहिणार आहे. त्या आपल्यापासून फार लांब नव्हत्या. न्हावऱ्याहून चौफुल्याच्या रस्त्याला लागलं की पारगावला भीमेचा पूल येतो. तो ओलांडला की दौंड तालुका, आणि थोडं पुढे केडगाव. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आपण सगळेच त्या रस्त्यानं सोलापूर रोडला जातो, पण आत किती जण गेलेत कोण जाणे. मी स्वतः साठी उलटेपर्यंत गेलो नव्हतो.

कारण घरातलंच. आमची आजी माळकरी. रमाबाईंचं नाव निघालं की ती तोंड फिरवायची. धर्म सोडलेली बाई, एवढीच तिची ओळख. आम्हा पोरांनाही ती पुरेशी वाटली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा चरित्रं वाचली, आणि आजीला न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी कळल्या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष घेतला. पुढे हे कुटुंब तीर्थांतून पुराण सांगत हिंडत राहिलं. रमाबाईंना आईनं शिकवलं आणि हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ झाले. मग दुष्काळ आला. जवळचं सगळं दानधर्मात गेलेलं, मजुरी करायची सवय नाही, भीक मागायची लाज. उपासमारीत आधी वडील, मग आई, मग थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले. सांगितलेली सगळी व्रतं, उपास, तीर्थस्नानं करून झाली होती, तरी देव पावला नव्हता. हा प्रश्न तेव्हाच त्यांच्या मनात रुतून बसला असावा, असं मला वाटतं.

१८७८ मध्ये कलकत्त्याला त्यांची विद्वत्ता पाहून पंडितांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या सुरुवातीला पटकीनं नवरा गेला. तेवीस वर्षांची विधवा तान्ही पोर घेऊन पुण्याला आली, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ मध्ये शिकायला इंग्लंडला गेली.

खरी गोष्ट इथून सुरू होते. वाँटेज या गावी जोगिणींच्या मठात त्या राहिल्या. त्या जोगिणी लंडनजवळ फुलहमला, समाजानं वाईट ठरवून टाकलेल्या बायकांना सांभाळत होत्या, त्यांची सेवा करत होत्या. ते पाहून रमाबाई हलल्या. असल्या बायकांना जवळ करणारं कुणी त्यांना आजवर दिसलं नव्हतं. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथपर्यंतची गोष्ट आजीलाही ठाऊक होती. पुढची नव्हती.

बाप्तिस्मा झाला आणि रमाबाई प्रश्न विचारायला लागल्या. त्रैक्य म्हणजे काय, येशूचं देवपण नेमकं कसं मानायचं, चर्चच्या श्रद्धासूत्रातलं अमुक वाक्य बायबलात कुठे आहे? बिशपनी सांगितलं म्हणून मान, हे त्यांना पटेना. त्यांची देखरेख सिस्टर जेराल्डिन या जोगिणीकडे होती. तिला हा गर्व वाटला. दोघींची पत्रं पुढे छापली गेली आहेत, ती जरूर वाचावीत. एकमेकींवर माया करणाऱ्या दोन बाया कशा भांडतात, ते त्यात दिसतं. एका पुरोहितांच्या हुकमाखालून नुकत्याच सुटलेल्या रमाबाई दुसऱ्यांच्या हुकमाखाली जायला तयार नव्हत्या. क्रूसावरचे शब्दही त्यांना लॅटिनमध्ये नको होते, संस्कृतात हवे होते. मांसाहार तर त्यांनी तिथेही केला नाही. इकडे पुण्यात त्यांना ख्रिस्ती झाली म्हणून शिव्या, आणि तिकडे पुरती ख्रिस्ती होत नाही म्हणून बोलणी!

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींचा पदवीदान सोहळा पाहायला. तिथे पुस्तक लिहून, व्याख्यानं देऊन पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९० मध्ये सदन पुण्यात आलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळावर होते. धर्म कुणावर लादायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून केसरीनं रान उठवलं, मंडळातले लोक राजीनामे देऊन बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. दार बंद करायचं रमाबाईंनी कबूल केलं नाही.

आता दाराचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. मी सेक्रेटरी असताना आपल्याच सोसायटीतल्या एका ख्रिस्ती कुटुंबानं, घरातले वडील गेल्यावर, एका संध्याकाळी प्रार्थनेसाठी हॉल मागितला होता. धार्मिक कार्यक्रमाला हॉल देता येत नाही, असं मी लेखी कळवलं. त्याच हॉलमध्ये दर श्रावणात सत्यनारायण होतो, आणि त्या वर्षी पूजेला मीच बसलो होतो.

असो. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे आईबाप आठवले असणार. त्या निघाल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगामुळे राहता येईना, तेव्हा केडगावच्या उजाड माळावर वस्ती केली. विहिरी खणल्या, मळा केला, विणकाम, छापखाना सुरू केला. १९०० च्या दुष्काळानंतर माणसं दोन हजारांच्या घरात गेली. फुलहमला पाहिलेलं त्या विसरल्या नव्हत्या. बहिष्कृत बायकांसाठी कृपा सदन निघालं, आंधळ्या मुलींसाठी वेगळं सदन झालं. मुक्तीला त्यांनी कुठल्याही एका चर्चपंथाच्या दावणीला बांधलं नाही.

इथे मला एक खटकतंही. उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्याचाच धर्म त्या घरात शिकवला जात असेल, तर तिनं निवड केली असं किती म्हणायचं? हा प्रश्न आजीच्या बाजूचा आहे आणि तो खोटा नाही. पण त्या पोरी उचलून आणायला त्या वेळी आमच्यातलं कोण गेलं होतं, हेही विचारावं लागतं.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावलं. सुरुवातीला सत्तरएक जणी होत्या, मग काहीशे झाल्या. जूनमध्ये मुली रडत, मोठ्यानं आपले अपराध कबूल करत प्रार्थना करू लागल्या. परक्या भाषा बोलणं, अंगात आल्यासारखं होणं, यावर मिशनऱ्यांतही वाद झाले. रमाबाईंनी तो आरडाओरडा दाबला नाही, आणि त्यालाच धर्मही म्हटलं नाही. त्यानंतर बाई कशी वागते, कामाला कशी लागते, इकडे त्यांचं लक्ष होतं. हे वाचताना मला आळंदीच्या वाटेवर आजी कान धरून पुटपुटायची ते आठवलं. शब्द वेगळे होते, बस्स.

शेवटची वर्षं बायबलच्या भाषांतरात गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. छपाईही मुक्तीच्या बायकांनीच केली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. भाषांतर हातावेगळं करून रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला केडगावातच वारल्या.

गेल्या हिवाळ्यात मी शेवटी तिथे जाऊन आलो. आवारात मोठी झाडं आहेत, शांतता आहे, बायका आपापल्या कामात होत्या. येताना पारगावच्या पुलावर उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलो आणि मनात तो हॉलचा कागद आला. घरी न जाता सरळ त्या कुटुंबाचं दार वाजवलं. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी उभ्या उभ्याच चुकलं म्हणालो. त्यांना आधी कळेचना कशाबद्दल. मग कळलं, तेव्हा थोडा वेळ गप्प बसल्या. प्रार्थना त्या वेळी घरातच केली होती, म्हणाल्या, लोक जिन्यात उभे राहिले होते. नंतर सुनेला चहा टाकायला सांगितला आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली.