जॉन चार्नली : प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत घेणारे सर्जन

तुमच्या घरात कुणाचा खुबा किंवा गुडघा बदललेला आहे का? ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात असे घर शोधायला आता लांब जावे लागत नाही. बदललेला सांधा दुखत नाही, आजोबा तलावपाळीला फेरी मारून येतात, आजी जिना चढून देवळात जातात. मग आठ-दहा वर्षांनी डॉक्टर एक्स-रे काढून यायला सांगतात आणि घरात प्रश्न पडतो : काहीच त्रास नाही, तर तपासणी कशासाठी?

या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे असेल, तर खुब्याच्या आधुनिक सांधेरोपणाचा पाया घालणारे ब्रिटिश अस्थिशल्यचिकित्सक सर जॉन चार्नली यांचे आयुष्य बघावे लागते. त्यांचे सर्वांत मोठे अपयश आणि सर्वांत मोठे यश, दोन्ही एकाच गोष्टीशी जोडलेले आहेत : झिजणाऱ्या प्लास्टिकचे बारीक कण.

औषधांच्या दुकानातून शस्त्रक्रियागृहात

चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकशायर परगण्यात, बरी या गावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते आणि आई परिचारिका होती. १९३५ साली त्यांनी मँचेस्टरहून वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी शल्यचिकित्सेची एफआरसीएस ही परीक्षा उत्तीर्ण केली. दुसऱ्या महायुद्धात ते लष्कराच्या वैद्यकीय दलात गेले. डंकर्कहून सैन्य माघारी आणताना ते तिथे होते. नंतर इजिप्तमध्ये असताना त्यांनी लष्करी कार्यशाळेच्या मदतीने हाडांच्या उपचाराची साधने तयार केली. यंत्रकामाची ही आवड त्यांना आयुष्यभर पुरली.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची त्यांची सवयही जुनी होती. युद्धानंतर हाड कसे जुळते हे पाहण्यासाठी त्यांनी एका सहकाऱ्याकडून स्वतःच्या नडगीच्या हाडावर शस्त्रक्रिया करून घेतली. तिथे जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तरीही ही सवय गेली नाही, हे पुढे दिसेलच.

करकरणारा खुबा

१९५० च्या दशकात झिजलेल्या खुब्यावर फारसे चांगले उपाय नव्हते. फ्रान्समधील ज्युडे बंधूंनी मांडीच्या हाडाचा वरचा गोळा काढून त्याजागी अॅक्रिलिक प्लास्टिकचा गोळा बसवण्याची पद्धत आणली होती. असा गोळा बसवलेला एक रुग्ण चार्नली यांच्याकडे आला. हालचाल केली की त्याचा सांधा करकर वाजे. इतका की पत्नीला त्याच्यासोबत एका खोलीत बसणे नकोसे झाले होते.

दुसऱ्या कुणी या तक्रारीवर हसून सोडून दिले असते. चार्नली यांनी विचार केला तो घर्षणाचा. आवाज येतो म्हणजे पृष्ठभाग एकमेकांना अडतात. अडतात म्हणजे प्रत्येक पावलाला गोळ्यावर पीळ बसतो आणि तो हाडातून सुटायला लागतो. निरोगी सांध्याची कूर्चा बर्फाहूनही निसरडी असते. तेव्हा कृत्रिम सांध्यालाही तितकाच निसरडा पदार्थ हवा, असे त्यांनी ठरवले.

टेफ्लॉनचे ते तीनशे रुग्ण

तो पदार्थ त्यांना सापडला टेफ्लॉनमध्ये. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतो तोच. शरीरात तो कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही, म्हणून सुरक्षित वाटत होता. विगन शहराजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात चार्नली यांनी टेफ्लॉनची वाटी आणि पोलादी गोळा बसवायला सुरुवात केली. हे रुग्णालय पूर्वी क्षयरोग्यांसाठी होते. सांधा हाडात पक्का बसावा म्हणून त्यांनी दातांच्या कामातले अॅक्रिलिक सिमेंट वापरले. वर्षानुवर्षे खुरडत चालणारी माणसे काही आठवड्यांत चालू लागली. सुमारे तीनशे शस्त्रक्रिया झाल्या.

दोन-तीन वर्षांत चित्र पालटले. एक्स-रेमध्ये पोलादी गोळा टेफ्लॉनच्या वाटीत काही मिलिमीटर रुतलेला दिसू लागला. पुन्हा सांधा उघडल्यावर झिजेपेक्षाही गंभीर गोष्ट दिसली. सांध्याभोवती पनीरसारखा, भुसभुशीत मगदूर जमला होता आणि शेजारचे हाड पोखरले गेले होते. जंतू नव्हते, तरी शरीर एखाद्या शत्रूशी लढत असल्यासारखे वागत होते. त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. टेफ्लॉनचा अखंड तुकडा शरीराने सहन केला होता. शरीराने विरोध केला तो त्याच्या भुकटीला. पदार्थ तोच, पण आकार बदलला की शरीराची प्रतिक्रिया बदलते.

मागाचे चाक आणि सर्जनची मांडी

लँकशायर हा कापडगिरण्यांचा मुलूख. कल्याणशेजारची भिवंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मागांचा तो खडखडाट सांगायला नको. मे १९६२ मध्ये मागासाठी लागणारी प्लास्टिकची दातेरी चाके विकणारा एक विक्रेता राइटिंग्टनच्या कार्यशाळेत आला. त्याच्याकडचे प्लास्टिक होते उच्च रेणुभाराचे पॉलिथिन. चार्नली यांनी ते हातात घेऊन पाहिले आणि नापसंत केले. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र एक तुकडा ठेवून घेतला आणि चार्नली परगावी असताना तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. तीन आठवडे यंत्र अहोरात्र चालले. तरी टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही हे पॉलिथिन झिजले नव्हते.

पण आता चार्नली नुसत्या यंत्रावर विश्वास ठेवणार नव्हते. भुकटी झाल्यावर शरीर काय करते, हा खरा प्रश्न होता. त्यांनी टेफ्लॉन आणि पॉलिथिन या दोन्हींचे बारीक कण स्वतःच्या मांडीत त्वचेखाली घेतले आणि वाट पाहिली. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी हाताला लागतील अशा वाढलेल्या गाठी होत्या. पॉलिथिनची जागा शांत होती. डिसेंबर १९६३ मध्ये त्यांनी हा अनुभव लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. पॉलिथिनची वाटी त्यांनी नोव्हेंबर १९६२ पासूनच वापरायला घेतली होती. गोळा मुद्दाम लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा ठेवला, म्हणजे घर्षणाचा पीळ कमी बसेल.

घाई न करणारा संशोधक

टेफ्लॉनच्या अनुभवाने चार्नली यांची काम करण्याची रीतच बदलली. नवा सांधा यशस्वी दिसत असूनही त्यांनी तो अनेक वर्षे सरसकट विक्रीला जाऊ दिला नाही. ज्यांनी राइटिंग्टनला येऊन शस्त्रक्रिया शिकून घेतली, त्याच सर्जनना तो मिळे. प्रत्येक रुग्णाला ते ठरावीक काळाने परत बोलावत, एक्स-रे काढत आणि वाटी किती झिजली ते मोजत. मृत्यूनंतर आपला कृत्रिम सांधा अभ्यासासाठी काढू द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करत आणि अनेकांनी ती मानली. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी गाळलेल्या शुद्ध हवेची बंदिस्त खोली आणि सर्जनसाठी खास पोशाख तयार केला. त्यामुळे सुरुवातीला जवळजवळ दहापैकी एका रुग्णाला होणारा संसर्ग शंभरात एकाच्या आसपास आला.

१९७४ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला, १९७५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९७७ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले.

मांडीतल्या प्रयोगाने जे दाखवले नाही

पॉलिथिन शांत राहिले, म्हणजे प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. तो प्रयोग काही महिन्यांचा आणि मोजक्या कणांचा होता. माणूस वर्षाला साधारण दहा लाख वेळा एक पाय पुढे टाकतो. जुन्या पद्धतीच्या पॉलिथिन वाटीतून एकेका पावलाला लाखो कण सुटू शकतात. नव्याने टाकी लावलेल्या जात्याचे पीठ कचकचते, कारण दगडाचे कण त्यात उतरतात. सांध्याचेही तसेच आहे. फक्त हे कण जिभेला कळत नाहीत आणि चाळताही येत नाहीत.

यातले अनेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे जिवाणूच्या आकाराचे किंवा त्याहून बारीक असतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना जंतू समजून गिळतात. जंतू पचतो, प्लास्टिक पचत नाही. मग या पेशी मदतीसाठी रासायनिक संदेश सोडत राहतात. त्या संदेशांनी हाड शोषून घेणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि सांध्याभोवतीचे हाड हळूहळू विरघळू लागते. शेवटी सांधा सैल होतो.

सुरुवातीला अनेकांनी याचा दोष सिमेंटला दिला. सिमेंट न वापरता बसवलेल्या सांध्यांभोवतीही हाड पोखरलेले दिसले, तेव्हा खरा संशय झिजेच्या कणांवर गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून रेणूंची वीण अधिक घट्ट केलेले पॉलिथिन आले आणि खुब्याच्या वाटीची झीज बरीच कमी झाली. गुडघ्यातही दोन धातूंच्या मधे पॉलिथिनचीच चकती असते. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे बदलले, तेव्हा वर्तमानपत्रांतून ही शस्त्रक्रिया आपल्याकडे अनेकांना माहीत झाली. गुडघ्यात हाड विरघळण्याचे प्रमाण खुब्यापेक्षा कमी असते, पण तिथेही ते होऊ शकते.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

हाड विरघळत असताना बराच काळ काहीच दुखत नाही. दुखायला लागते ते सांधा सैल झाल्यावर किंवा पोखरलेले हाड मोडल्यावर. तोवर बरेच हाड गेलेले असू शकते आणि दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड होते. वेळेत कळले, तर कधी कधी फक्त झिजलेला प्लास्टिकचा भाग बदलून काम भागते. म्हणून :

- त्रास नसला तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने एक्स-रे काढा. सांधा दहा वर्षांहून जुना असेल आणि बरीच वर्षे तपासणी झाली नसेल, तर आता वेळ घ्या.
- जुने एक्स-रे टाकून देऊ नका. गोळा वाटीत किती सरकला, हे जुन्या-नव्याची तुलना करूनच कळते.
- डिस्चार्ज कार्ड आणि त्यावरचे सांध्याचे स्टिकर जपून ठेवा. फोनमध्ये फोटो काढून मुलांनाही पाठवा. कोणता सांधा, कोणत्या मापाचा, हे दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी फार उपयोगी पडते.
- खुर्चीतून उठून पहिली पावले टाकताना जांघेत किंवा मांडीत दुखणे, पाय आखूड वाटणे, गुडघ्याला वारंवार सूज येणे, सांधा लचकल्यासारखा वाटणे, यांपैकी काही नव्याने सुरू झाले तर सर्जनना भेटा.
- ताप, सांध्यावर लाली किंवा जखमेतून पाणी येत असेल, तर ते जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते. त्याच दिवशी दाखवा.
- कण विरघळवणारे तेल, मालिश किंवा गोळी नाही. अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका.
- झिजेच्या भीतीने चालणे बंद करू नका. रोजचे चालणे हाडांना आणि स्नायूंना हवेच असते. धावणे, उड्या मारणे आणि उकिडवे बसणे याबाबत मात्र तुमच्या सर्जनना विचारा.

टेफ्लॉनची झीज चार्नली यांना वेळेत कळली, कारण ते बरे झालेल्या रुग्णांनाही परत बोलावत होते. शस्त्रक्रिया चांगली झाली हे पहिल्या वर्षी कळते. सांधा चांगला टिकला हे कळायला पंधरा-वीस वर्षे लागतात. तुमच्या घरातल्या सांध्याची शेवटची तपासणी कोणत्या साली झाली, हे आज फाइल काढून बघा. साल आठवत नसेल, तर या आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.