मिशनची नोकरी सोडली आणि म्हणाले, आता खरा शिष्य होतो : रेव्हरंड टिळकांची गोष्ट

वाशीममध्ये मिशनचं हॉस्पिटल म्हटलं की रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल कुणीही दाखवेल. आपल्याकडे ख्रिस्ती धर्म म्हटलं की असंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मिशनचं हॉस्पिटल, मिशनची शाळा, चर्च. पण ख्रिस्ताचा शिष्य व्हायला मिशन लागतंच का? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका मराठी कवीला पडला होता. त्याच्या या प्रवासाची सुरुवातही विदर्भातच झाली, एका रेल्वेच्या डब्यात.

त्यांचं नाव नारायण वामन टिळक. शाळेत 'केवढे हे क्रौर्य' वाचलं असेल, तर हे नाव तुम्हाला ठाऊक आहे.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मण घर, संस्कृतचा गाढा अभ्यास. पण एका जागी पाय टिकत नव्हता. नोकऱ्या बदलत, गावं बदलत ते नागपूरला आले. तिथून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं भाकीतही केलं.

पुस्तक वाचताना येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांना धरून ठेवलं. शत्रूवरही प्रेम करा, ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. या निर्णयाची किंमत एकट्या टिळकांनी मोजली नाही. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे त्या परत आल्या, पण धर्म बदलून नाही. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला. मग 1900 साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. 1912 पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. चर्चमध्ये तेव्हा इंग्रजी चालींवर बेतलेली गीतं गायली जात. टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते मानायचे. ख्रिस्ती झालो म्हणजे मराठीपण सोडलं, हे त्यांना मान्यच नव्हतं.

तरी एक सल होती. प्रचार करायचा तो पगार घेऊन, आणि पैसा व अधिकार परदेशी मंडळींच्या हातात. अशाने ख्रिस्त लोकांना परकाच वाटणार, असं त्यांना वाटायचं.

अखेर 1917 मध्ये त्यांनी मिशन सोडलं. तेव्हा वय होतं पन्नाशीच्या पुढे आणि गाठीला पैसा नव्हता. त्यांनी संन्याशासारखं राहायचं ठरवलं आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथे येऊ शकत होता. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, दरबारात तो भाऊच. टिळकांच्या लेखी शिष्य म्हणजे चर्चच्या रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूस नव्हता. गुरूसारखं जगायला निघालेला माणूस म्हणजे शिष्य.

हा प्रयोग फुलायला वेळच मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. दरबारही मोठा होऊ शकला नाही.

जाताना त्यांचं आणखी एक काम अर्धवट राहिलं होतं, ते म्हणजे ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र 'ख्रिस्तायन'. टिळकांनी सुरुवातीचे अध्याय लिहिले होते. उरलेलं बरंच मोठं काम लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. ज्या निर्णयाने एकेकाळी त्यांचा संसार मोडला होता, त्याच वाटेवरचं हे काम त्यांनी आपलं मानलं. त्यांना लहानपणी कुणी शाळेत घातलं नव्हतं.