पंडिता रमाबाई

पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्री डोंगरे ह्यांना पंडितांचा रोष सोसावा लागला. त्यांच्या कन्या रमाबाई (जन्म १८५८) आईपाशींच संस्कृत शिकल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण तेथील धर्मगुरूंचीं मतेंहि डोळे झांकून मानिलीं नाहींत.

१८९० सालीं त्यांचें शारदासदन मुंबईहून आमच्या पुण्यास आलें. बाईंच्या प्रार्थनेस विधवा मुली आपण होऊन बसूं लागतांच शहरांत गहजब उडाला. १८९३ सालीं सल्लागार मंडळीनें राजीनामे दिले. पालकांनीं कित्येक मुली काढून नेल्या. बाईंनीं प्रार्थनेची सक्ती केली नाहीं, तशी मनाईहि केली नाहीं. १९२२ सालीं केडगांवीं त्या निवर्तल्या.

धर्म बदलणारास कायद्यानें शिक्षा करणारीं राज्यें आजहि आहेत. विद्यार्थिमित्रहो, सोबत्याच्या श्रद्धेवर सक्ती करूं नये व तिला आडकाठीहि करूं नये, हाच बोध आम्ही बाईंच्या चरित्रांतून घेतों.